घरातला सरकारी नळ: दिवाळीपासून गणपतीपर्यंत वापरल्यानंतर

जलजीवन मिशनमधून आमच्या वाडीला मिळालेली नळजोडणी आम्ही गेल्या दिवाळीपासून वापरत आहोत. मधल्या काळात कडक उन्हाळा, मुसळधार पाऊस आणि गणपतीची गर्दी हे सर्व येऊन गेले असल्याने आता या सेवेविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीपासून चढावर वसलेल्या वाड्यांचे. या लिखाणात पाण्यापेक्षा पैशांचा विषय अधिक आला आहे, कारण नळ बसवण्याचा खर्च एकाने करायचा आणि तो चालवण्याचा खर्च दुसऱ्याने, या व्यवस्थेतच त्याचे बहुतेक गुणदोष दडलेले आहेत.

आधी पाणी. पूर्वी आमच्या वाडीतील बायका घाटीखालच्या विहिरीवरून कळश्या भरून आणत; ते बंद झाले, आणि या एका गोष्टीसाठी योजनेला पैकीच्या पैकी गुण द्यायला मी तयार आहे. माणशी दररोज 55 लिटर हे योजनेचे प्रमाण आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. फेब्रुवारीपर्यंत आम्हाला त्याहून अधिक पाणी मिळाले. मार्चच्या मध्यानंतर मात्र जिथून योजनेचे पाणी उचलले जाते त्या नदीकाठच्या उद्भव विहिरीची पातळी उतरू लागली, पाणी दिवसाआड झाले, आणि मे महिन्यात वरच्या वाडीला टँकर मागवावा लागला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात टँकर हे परक्याला खोटे वाटेल, पण जांभा दगडात पाणी टिकत नाही आणि आमच्या आखूड, उताराच्या नद्या ते लगोलग समुद्राला नेऊन घालतात. ज्या वर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे वनराई बंधारे नोव्हेंबरातच घातले जातात, त्या वर्षी ही टंचाई थोडी उशिरा येते. यंदा ते उशिरा घातले गेले. नळयोजनेच्या अंदाजपत्रकात पाइप, टाकी, पंप असे सारे असते. उद्भव वर्षभर जिवंत ठेवण्याचे काम मात्र श्रमदानावर सोडलेले दिसते.

पावसाळ्यात पाण्याला तोटा नव्हता, पण वीज गेली की टाकी रिकामी, आणि नदीला लोंढा आला की पाणी गढूळ. पाणी निर्जंतुक करण्यासाठी टाकायच्या टीसीएल पावडरचा वास कधी नाकात जाई, कधी अजिबात येत नसे, यावरून मात्रा अंदाजाने पडते हे कळत होते. आम्ही पिण्याचे पाणी उकळतो.

आता बांधणीचा पैसा. ही योजना 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झाली; एकूण आराखडा 3.60 लाख कोटी रुपयांचा, आणि महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांचा वाटा निम्मा-निम्मा. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरी नळ पोहोचायचा होता. केंद्राच्या 2024-25 च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी 70,163 कोटी रुपये ठेवले होते; सुधारित अंदाजात ते 22,694 कोटींवर आले आणि मुदत 2028 पर्यंत वाढवली गेली. कागदावरील या घटीचा अर्थ गावात आल्यावर समजतो. राज्यभर कंत्राटदारांनी थकीत देयकांसाठी आंदोलने केली, आणि आमच्याच ग्रामपंचायतीतील एका वाडीत रस्ता खोदून पाइप पुरले गेले, घरोघरी तोट्या बसल्या, पण उंचावरची टाकी अर्धवट राहिल्याने त्या तोट्यांना अजून पाणी आलेले नाही. त्या वाडीतील रहिवाशाने हाच अनुभव लिहिला असता तर तो दोन ओळींत संपला असता.

योजना चालवण्याचा पैसा हा त्याहून चिवट प्रश्न आहे. योजना पूर्ण झाली की ती ग्रामपंचायतीच्या ताब्यात येते आणि विजेचे बिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन, पावडर, दुरुस्ती हे सर्व पाणीपट्टीतून निघावे अशी अपेक्षा असते. ग्रामपंचायतीची पावती बारकाईने वाचणारे थोडे. तिच्यावर घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी आणि नळधारकांसाठी विशेष पाणीपट्टी असे वेगवेगळे रकाने असतात. आमच्याकडे विशेष पाणीपट्टीचा दर कित्येक वर्षे हललेला नाही आणि वसुली तर त्या दराचीही पुरती होत नाही. त्यामुळे पंप जळला की तो बांधून आणण्यासाठी वर्गणी काढावी लागते.

गावात सर्व दोष विजेच्या बिलावर ढकलण्याची पद्धत आहे. हिशेब मांडून पाहिला तर ते पटत नाही. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला पंपाची आणि पाइपाची घट धरूनही साधारण अर्धा युनिट वीज पुरते. दीडशे घरे, घरटी चार माणसे आणि माणशी 55 लिटर धरले तर रोजचे पाणी 33 हजार लिटर होते, म्हणजे महिन्याला सुमारे पाचशे युनिट, घरटी साडेतीन युनिटांहूनही कमी. एवढी वीज कोणत्याही घराला जड नाही. बिल प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट येते, कारण वर चढवलेले पाणी वाटेतल्या सांध्यांतून गळते आणि उरलेल्यातले बरेचसे नारळी-पोफळीच्या आळ्यांत जाते. जलमापक नसल्याने बागायत शिंपणारा आणि दोन हंडे भरणारी एकटी म्हातारी सारखीच पट्टी भरतात. माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि तो दूर करण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही.

वरून येणाऱ्या निधीबाबत मात्र कोकणाची अडचण वेगळी आहे. केंद्राच्या निधीची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. त्यातील 60 टक्के रक्कम बांधील, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. वाटपात लोकसंख्येला फार मोठे वजन आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दशकात वाढण्याऐवजी घटली. माणसे मुंबईला गेली तरी वाड्या जागच्या जागी राहिल्या. एका डोंगरावर दहा घरे, दुसऱ्यावर बारा, आणि त्यांतली निम्मी कुलूपबंद. पाइपाची लांबी घरांच्या अंतरावर ठरते आणि अनुदान मात्र डोक्यांवर. शिवाय गणपतीत तीच बंद घरे एकाच दिवशी उघडतात. यंदा त्या आठवड्यात आमच्या नळाला सकाळी जेमतेम अर्धा तास धार होती, आणि तीही करंगळीएवढी.

खर्चाची माहिती मिळवण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे, हेही नोंदवले पाहिजे. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणत्याही ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च घरबसल्या पाहता येतो. आमच्या पंचायतीच्या नोंदींत तारीख आणि रक्कम आढळली. काम नेमके कुठे आणि का झाले याचा बोध मात्र त्या त्रोटक शब्दांतून होत नाही. ते विचारण्याची जागा ग्रामसभा, आणि तिथे पाण्याचा विषय निघाला की चर्चा व्हॉल्व्ह कोणी फिरवला यावरच अडते.

येत्या ग्रामसभेसाठी आम्ही काही जणांनी लेखी प्रस्ताव दिला आहे. गळक्या सांध्यांची दुरुस्ती पाणी व स्वच्छतेच्या बांधील निधीतून आधी करावी, प्रत्येक जोडणीला जलमापक बसवावा, विशेष पाणीपट्टीत वाढ करावी आणि तिचा जमाखर्च दर तिमाहीला पंचायतीच्या फलकावर लावावा. दरवाढीला अपेक्षेपेक्षा कमी विरोध झाला. वाद आहे तो बंद घरांचा. वर्षातून पंधरा दिवस राहणाऱ्यांनी पूर्ण पट्टी का भरावी, असे मुंबईच्या मंडळींचे म्हणणे आहे आणि वापराच्या दृष्टीने ते योग्यही आहे. जलमापक आल्यावर वापराचे पैसे त्यांना आपोआप कमी पडतील. पण जोडणीचा स्थिर आकार त्यांनीही बारा महिने भरावा असे माझे मत आहे, कारण घराला कुलूप असले तरी त्या घरापर्यंतचा पाइप, व्हॉल्व्ह आणि टाकी यांची देखभाल गावाला वर्षभर करावीच लागते.