१६ टीबीची डिस्क, आत ६४ जीबी: घरी गाणी साठवणाऱ्यांनो, सावध राहा

घरातल्या सगळ्या सीडी आणि जुन्या कॅसेट एका जागी आणाव्यात आणि फोनवरून निवडून कुठल्याही खोलीत ऐकाव्यात, यासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार संच घेतला. त्यात छोटा म्युझिक सर्व्हर होता आणि त्याला यूएसबीने जोडायची '१६ टीबी' एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क. सर्व्हर ठीक निघाला, डिस्क बनावट होती. पैसे तर गेलेच, शिवाय पुन्हा कधीही मिळणार नाही असं एक रेकॉर्डिंग गेलं. ही फसवणूक बराच काळ लपून राहते, म्हणून ती कशी चालते ते नीट सांगायला हवं.

या डिस्कच्या आत साधं मेमरी कार्ड बसवलेलं असतं. डिस्कचा कारभार सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, मुद्दाम बदललेला असतो. संगणकाने 'किती जागा आहे?' असं विचारलं की तो बेधडक १६ टीबी सांगतो, आणि संगणकाला त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. तुम्ही डिस्क जोडता, गुणधर्म उघडून बघता, आकडा बरोबर दिसतो. पण तो आकडा म्हणजे मोजलेली जागा नव्हे, डिस्कने स्वतःबद्दल दिलेली माहिती आहे. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा एकतर हवेत सोडून दिला जातो किंवा आधीच्या डेटावर लिहिला जातो. कॉपी करताना काही चुकल्याचा एकही संदेश येत नाही. फाइलींची नावं आणि आकार ज्या तक्त्यात नोंदवलेले असतात तो तक्ता सहसा डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या जागेत असतो, त्यामुळे फोल्डर उघडलं की सगळं जागच्या जागी दिसतं. अनुक्रमणिका शाबूत आणि पुढची पानं कोरी, असं हे पुस्तक असतं.

गाण्यांच्या बाबतीत हे आणखी उशिरा लक्षात येतं. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट, तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवला तर दर्जा तसूभरही न घटता तो बहुधा निम्मा ते दोन तृतीयांश होतो. एका अल्बमला ३५० एमबी धरले तर ६४ जीबीच्या कार्डात पावणेदोनशेच्या आसपास अल्बम खरोखरच व्यवस्थित मावतात. तोवर डिस्क उत्तम चालते, तुम्ही चार लोकांना तिची शिफारसही करता. त्यात म्युझिक सर्व्हर गाण्यांची यादी आणि मुखपृष्ठं स्वतःच्या साठ्यात ठेवतो. फाइल आतून रिकामी झाली तरी फोनवर अल्बमचं चित्र झळकतंच. गाणं लावलं की प्लेअर ते वाचू शकत नाही आणि मुकाट्याने पुढच्या गाण्यावर जातो. साहजिकच संशय वाय-फायवर जातो.

विक्रेत्यानेही तोच सूर लावला. आधी राउटर जवळ ठेवा, मग डिस्क फॉरमॅट करा, मग दुसऱ्या पोर्टला लावून बघा. प्रत्येक उत्तराला वेळ लागत होता आणि परतीची मुदत सरत होती. हे अज्ञान नव्हतं, वेळ काढण्याची पद्धत होती. त्याहून संताप आला तो पुढच्या सल्ल्याचा: गाणी तुटतात कारण साधी नेटवर्क केबल संगीतासाठी नसते, आमची खास 'ऑडिओ ग्रेड' केबल घ्या. स्वतःच विकलेल्या बनावट वस्तूच्या दोषावर दुसरी वस्तू खपवण्याचा हा प्रकार. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजालाही सेकंदाला जेमतेम ९.२ मेगाबिट लागतात, साधी गिगाबिट केबल १००० वाहून नेते. वाटेत एखादा तुकडा बिघडला तर तो तपासणीत पकडला जातो आणि पुन्हा मागवला जातो. फाइल एकतर जशीच्या तशी पोचते किंवा खंड पडतो. केबल बदलून त्यात गोडवा येत नाही.

छडा लागला तो एका साध्या तपासणीत. न वाजणारी फाइल संगणकावर घेऊन आत पाहिलं. आकार अगदी बरोबर, आणि पहिल्या बाइटपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. वाय-फाय असं करत नाही. फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा, नोंदवलेला असतो, त्यामुळे फ्लॅकच्या मोफत आज्ञावलीत चाचणीचा पर्याय देऊन सगळा संग्रह तपासता येतो. एका मर्यादेपर्यंतचे अल्बम शाबूत निघाले, त्यानंतरचं सगळं गेलेलं. सीडी घरात होत्या, त्या पुन्हा रिप करता, म्हणजे फाइलींत उतरवता आल्या. कॅसेटही बहुतेक पुन्हा चालवता आल्या. पण घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या गाण्याची कॅसेट डिस्कवर उतरवून घेतानाच जीर्ण झालेली होती आणि शेवटाला तिची फीत तुटली. तो आवाज त्या डिस्कवर आहे असं आम्ही सगळे समजत होतो.

म्हणून कळकळीने सांगणं आहे, नव्या डिस्कवर एकही गाणं टाकण्याआधी ती पूर्ण भरून बघा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ३, हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत. ते डिस्क ठरावीक डेटाने काठोकाठ भरतात आणि तोच डेटा परत वाचून ताडून पाहतात. भरणं झाल्यावर डिस्क काढून पुन्हा जोडा आणि मगच वाचायला लावा. नुकतीच लिहिलेली फाइल संगणक स्वतःच्या मेमरीतून वाचून दाखवू शकतो, आणि खोटी डिस्क खरी वाटते. चाचणीला वेळ लागतो, कधी रात्रभर. त्या वेळातूनही काही कळतं: खरी यूएसबी एसएसडी सेकंदाला काही शे एमबी लिहिते, आत कार्ड असेल तर वेग फार खाली राहतो. २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ दिसते, त्याने मात्र घाबरू नका. तो दोन मोजमाप पद्धतींतला फरक आहे, त्यात लबाडी नाही.

आकडाच आमिष असतो. १ टीबीत अडीच हजारांहून जास्त अल्बम फ्लॅकमध्ये राहतात. १६ टीबी भरेल एवढं संगीत असलेली घरं किती असतील? सॅमसंगने ८ टीबीची छोटी पोर्टेबल एसएसडी आणली ती २०२३ च्या अखेरीस. अनोळखी नावाची, त्याच्या दुप्पट जागेची आणि तरीही स्वस्त वस्तू दिसली की तिथेच थांबावं. पानावरचे अभिप्रायही शेवटपर्यंत वाचा. माझ्या विक्रेत्याच्या पानावरचे जुने अभिप्राय भलत्याच वस्तूचे होते. जुन्या पानावर नवी वस्तू चढवली की आधीचे तारे आयते मिळतात.

एसएसडीऐवजी हार्ड डिस्क घेणाऱ्यांना वेगळा धोका आहे. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या 'हाइझे' या तंत्रविषयक प्रकाशनाने उघड केलं की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या जात होत्या. डिस्क स्वतःच्या वापराची आणि तब्येतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते, तिच्यातले चालू तास शून्यावर आणलेले होते, पण फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीत हजारो तास तसेच राहिले होते. सीगेटची डिस्क असेल तर स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रोग्रामच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ही नोंद वाचता येते. दोन्हींतले तास जुळतात का ते बघा.

पैशांचं म्हणाल तर विक्रेत्याने आधी 'डिस्क ठेवून घ्या, थोडे पैसे परत देतो' असा प्रस्ताव दिला. तो स्वीकारू नका, त्याने तक्रार मिटल्याची नोंद होऊ शकते. मी चाचणीच्या निकालाचं चित्र, जाहिरातीचं पान आणि सगळा संवाद जोडून साइटकडे तक्रार केली. तिथे दाद लागेना, तेव्हा कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली आणि रक्कम परत आली. डिस्कचं कवच तोवर उघडलं नव्हतं, ते बरं झालं, नाहीतर 'तुम्हीच मोडली' हे उत्तर तयार असतं.

तुमच्याकडे अशी डिस्क आधीच असेल आणि तिच्यावर गाणी असतील, तर वरची चाचणी लगेच चालवू नका. ती मोकळी जागा भरत जाते, आणि बनावट डिस्कवर त्या भरण्यात वाचलेली गाणीही पुसली जाऊ शकतात. आधी सर्व्हर बंद करा, तिच्यावर नवं काही लिहू नका, वाचता येतं तेवढं सगळं दुसऱ्या खात्रीच्या डिस्कवर काढून घ्या आणि तिथे प्रत्येक फाइल तपासा. चाचणी त्यानंतर.