२५ मिनिटांच्या फेऱ्या: आठ महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबर ते जून, नागपुरातली अभ्यासिका आणि घर, दोन्हीकडे रोज वापरून हे लिहीत आहे. पद्धत अनेकांना ठाऊक असेल: २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेऊन ती सुरू केली. म्हणून नाव पोमोडोरो, म्हणजे टोमॅटो.

चालढकल मोडते ती टायमरने नव्हे, टायमर लावण्याआधी लिहिलेल्या एका ओळीने. ‘अर्थशास्त्र करायचं’ असं लिहिलं तर पहिली दहा मिनिटं पुस्तकं चाळण्यातच जातात. ‘महागाईचं प्रकरण, पहिली आठ पानं, समासात टिपा’ असं लिहिलं की हात लगेच चालू लागतो. अशी ओळ सुचतच नसेल, तर एक फेरी कामाचे तुकडे पाडण्यासाठीच ठेवा. मन अगदीच अडून बसलं असेल तेव्हा १० मिनिटांची फेरी लावली तरी चालते.

दुसरी वस्तू म्हणजे शेजारचा कोरा कागद. सिलिंडरचा नंबर लावायचा राहिला, अमक्याला फोन करायचाय, असं काही आठवलं की दोन शब्द लिहायचे आणि परत कामाला लागायचं. लिहून ठेवलं की ते डोक्यात घोळत राहत नाही. एका फेरीत सात-आठ नोंदी पडल्या तर स्वतःला दोष देऊ नका. बहुतेक वेळा वरची ओळच मोघम असते. घरातून हाक आली तर ‘आई, वीस मिनिटांत येतो’ एवढं पुरतं. उठावंच लागलं तर ती फेरी मोजायची नाही, नव्याने लावायची.

सगळ्यात जास्त घात सुट्टीत होतो. मोबाइल हातात घेतला की ५ मिनिटांची २० होतात आणि परतल्यावरही मन तिथेच अडकलेलं असतं. उठा, पाणी प्या, मे महिन्यात कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओता. तर्री-पोहे किंवा टपरीवरचा चहा मोठ्या सुट्टीसाठी राखा, ५ मिनिटांत ते आटोपत नाही.

टायमर मोबाइलवर लावू नका, कारण तो मग टेबलावरच राहतो. चावीच्या टायमरची टिकटिक अभ्यासिकेत शेजाऱ्याला छळते. सेलवर चालणारा, आवाज बंद करून नुसता दिवा लुकलुकणारा डिजिटल टायमर उत्तम. घरी कूलरच्या घरघरीत बीप ऐकू येत नाही, तिथेही दिवाच कामी येतो, आणि वीज गेली तरी अडत नाही.

मोठं गणित किंवा सलग लेखन रंगात आलं की २५व्या मिनिटाचा गजर नकोसा होतो. तिथे ५० आणि १० मिनिटांचं माप बरं.

हिशेब आधीच करून ठेवा: चार फेऱ्या, मधल्या तीन सुट्ट्या धरून, १ तास ५५ मिनिटं. आठ फेऱ्यांत हाती येतात ती २०० मिनिटं. वेळापत्रकात बारा लिहिल्या की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते, म्हणून आठच लिहा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की दुपारच्या फेऱ्या नुसत्या बसून काढल्या जातात. त्यातल्या चार पहाटे साडेपाचला, ऊन चढण्याआधी उरकून घ्या.