प्रीॲक्शन स्प्रिंकलरची एएमसी, भोसरीची एजन्सी : रिसेट करून दाखवणारी माणसं

आमचं ऑफिस खराडीला, एका मजल्यावर सर्व्हर रूम आणि तिला लागून जुन्या फायलींची रेकॉर्ड रूम, दोन्हीवर मिळून एकच प्रीॲक्शन सिस्टीम आहे आणि तिची एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) मागच्या वर्षीपासून भोसरीच्या या एजन्सीकडे दिलीय. पाचपैकी साडेचार. अर्धा कशासाठी कापला ते पुढे लिहितोच. साध्या वेट स्प्रिंकलरची एएमसी करणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात हो, पण प्रीॲक्शन ट्रिप झाल्यावर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून पाईपात पाणी आल्यावर, ती पहिल्यासारखी नीट उभी करून देणारी माणसं शोधायला मला फार फिरावं लागलं, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साध्या सिस्टीममध्ये डोक्यावरच्या पाईपात कायम पाणी भरलेलं असतं, हेड (पाणी फवारणारं तोंड) फुटलं किंवा जॉइंट गळला की पाणी थेट सर्व्हरवर. प्रीॲक्शनमध्ये पाईपात पाणी नसतं, थोड्या प्रेशरची हवा असते, आणि पाणी खाली डेल्यूज व्हॉल्व्हपाशी अडवून ठेवलेलं असतं. स्मोक किंवा हीट डिटेक्टरने पॅनलला सांगितलं की पॅनल सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) उघडतो, डेल्यूज व्हॉल्व्ह उघडतो, पाईप पाण्याने भरतो, पण रूममध्ये पाणी तेव्हाच पडतं जेव्हा उष्णतेने हेडमधला बल्ब फुटतो, आमच्याकडे लाल बल्ब आहेत म्हणजे ६८ डिग्रीवाले. आणि तेही ज्या हेडला उष्णता लागली तेवढंच, सिनेमात दाखवतात तसं सगळीकडून एकदम पाणी येत नाही. हा सिंगल इंटरलॉक झाला. डबल इंटरलॉकमध्ये डिटेक्टर पण वाजायला लागतो आणि हेड फुटून हवा पण जायला लागते, दोन्ही झाल्यावरच व्हॉल्व्ह उघडतो, कोल्ड स्टोरेजवाले तो घेतात. आपला कुठला आहे हे ज्याच्या ताब्यात सिस्टीम आहे त्याला माहीत असलंच पाहिजे, कारण टेस्ट आणि रिसेट दोन्ही त्यावर ठरतं.

आता आधीच्या एजन्सीबद्दल, नाव घेत नाही. सर्व्हर रूमच्या बाहेर एसीवाल्यांनी ड्रिलिंग केलं, धूळ डिटेक्टरमध्ये गेली, दोन्ही झोन वाजले आणि व्हॉल्व्ह ट्रिप झाला. पाईप भरला पण हेड एकही फुटलं नाही, त्यामुळे सर्व्हरवर थेंबही नाही, म्हणजे सिस्टीमने आपलं काम चोख केलं. खरी कटकट नंतर. एजन्सीला फोन केला तर उद्या बघू. मेन व्हॉल्व्ह बंद, म्हणजे त्या दोन रूमना स्प्रिंकलरच नाही, आणि हे लोक उद्या बघू म्हणतायत! एनएफपीए २५ मध्ये (स्प्रिंकलरच्या देखभालीचं अमेरिकन मानक) स्पष्ट आहे की चोवीस तासांत दहा तासांपेक्षा जास्त वेळ सिस्टीम बंद राहणार असेल तर फायर वॉच (आगीवर लक्ष ठेवायला माणूस) लावा, तेवढा भाग रिकामा करा किंवा तसाच दुसरा उपाय करा. आम्ही आमचा गार्ड बसवला रात्रभर. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला, पॅनल रिसेट केला आणि थेट मेन व्हॉल्व्ह उघडला, पाणी परत वर. मग बंद कर, परत उघड, असं दुपारपर्यंत चाललं, शेवटी कसंतरी बसलं आणि तो सही घेऊन गेला. वरच्या पाईपातलं पाणी पूर्ण काढलं की नाही हे कोणी बघितलंच नाही.

भोसरीवाल्यांच्या पहिल्याच व्हिजिटला तेच निघालं. त्यांचे सीनियर टेक्निशियन, सगळे त्यांना काका म्हणतात, व्हॉल्व्हकडे न जाता आधी शिडी घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेले आणि पाईपाचा सगळ्यात खालचा उतार कुठे येतो ते शोधलं. तिथे लो पॉइंट ड्रेन होता, कपाटाच्या मागे, आम्हाला कोणाला माहीतसुद्धा नव्हता. खाली बादली धरून उघडला तर काळं पाणी, बरोबर गंजाचा चिखल, बादलीच्या तळाला बोटाने ओढलं तर रेघ उठेल एवढा. काका म्हणाले, "साहेब, नुसतं पाणी असतं तर एवढं बिघडलं नसतं, नुसती हवा असती तर त्याहून कमी. पाणी आणि हवा एकत्र कोंडली की पाईप आतून गंजून खाल्ला जातो, जीआय (जस्ताचा थर दिलेला) असला तरी." हे अगदी खरं आहे, प्रीॲक्शनचे पाईप असेच जातात, बाहेरून रंग चकाचक आणि आतून भोकं पडायला आलेली. काही ठिकाणी म्हणूनच हवेऐवजी नायट्रोजन भरतात. मी विचारलं आपल्याला लागेल का, तर म्हणाले आधी पाईप नीट रिकामा ठेवायला शिका, उतार बरोबर करून घ्या, नायट्रोजनचं मग बघू. विकायला आलेला माणूस असं बोलत नाही, तिथेच माझा विश्वास बसला.

मग त्यांनी स्वतः ट्रिप करून रिसेट करून दाखवलं, आणि हा भाग मी मुद्दाम लिहितोय कारण आमच्यासारख्या कितीतरी ऑफिसांत हे फक्त एजन्सीच्या माणसालाच येतं. अर्थात रिसेट एजन्सीच्याच माणसाने करावा आणि आपल्या मॉडेलचं मॅन्युअल हातात ठेवूनच, पण तो काय करतोय हे आपल्याला कळलं पाहिजे.

डेल्यूज व्हॉल्व्ह बंद कशाने राहतो हे आधी समजलं की बाकी सगळं सोपं जातं. व्हॉल्व्हच्या आत एक प्रायमिंग चेंबर असतो, त्यात मेन लाईनचंच पाणी एका बारीक भोकातून भरलेलं असतं आणि ते पाणी क्लॅपरला (व्हॉल्व्हच्या आतल्या झडपेला) मागून दाबून धरतं, दाराला आतून कोणी खांदा लावून उभं राहिल्यासारखं. सोलेनॉइड उघडला की चेंबरमधलं पाणी भसकन बाहेर जातं, बारीक भोकातून तेवढं परत येऊ शकत नाही, खांदा सुटतो, क्लॅपर उघडतो. आणि एकदा उघडल्यावर, पॅनल बंद झाला किंवा लाईट गेली तरी व्हॉल्व्ह परत मिटू नये म्हणून आमच्या मॉडेलला एक रिलीफ व्हॉल्व्ह आहे जो पुढच्या बाजूला पाण्याचं प्रेशर आहे तोपर्यंत चेंबर रिकामा ठेवतो. आधीच्या मुलाचं गाडं इथेच अडलं होतं. पुढचं पाणी काढल्याशिवाय चेंबर भरतच नाही, आणि चेंबर भरल्याशिवाय मेन उघडला तर पाणी वर जाणारच, दुसरं काय होणार.

काकांचा क्रम असा. आग नाही हे कोणीतरी आत जाऊन डोळ्यांनी बघून यायचं, पॅनलवर विश्वास ठेवून नाही, तेव्हाच मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि तो बंद आहे तोवर एक माणूस तिथून हलायचा नाही. हवेची लाईन बंद, प्रायमिंगचा छोटा व्हॉल्व्ह बंद. मेन ड्रेन उघडा, वरचे लो पॉइंट ड्रेन सगळे उघडा आणि पाणी थांबेपर्यंत थांबा, इथे घाई करायची नाही, आमच्याकडे चहा पिऊन आलो तरी टपकतच होतं. हेड फुटलं असेल तर त्याच प्रकारचं, त्याच टेंपरेचरचं नवीन लावायचं. मग डिटेक्टर साफ करून पॅनल रिसेट, कारण डिटेक्टर वाजत राहिला तर सोलेनॉइड उघडाच राहतो, तुम्ही प्रायमिंगचं पाणी सोडत राहता आणि ते ड्रेनच्या कपात (गळणारं पाणी जिथे पडतं त्या छोट्या वाटीत) वाहत राहतं. हाताने ओढायचं इमर्जन्सी रिलीज कोणी ओढलं असेल तर तेही बंद. आता ड्रेन बंद करून प्रायमिंग उघडायचं. गेजचा काटा हळूहळू वर सरकत लाईनच्या प्रेशरला येऊन थांबला आणि कपातली धार बंद झाली, तेव्हा काका म्हणाले, "आता बसला." मग हवा भरायची. एनएफपीए १३ (स्प्रिंकलर बसवण्याचं मानक) प्रमाणे वीसपेक्षा जास्त हेड असतील तर किमान ७ पीएसआय लागते, म्हणजे आपल्या बोलीत साधारण अर्धा किलो, आमची त्याहून वर ठेवलीय.

मेन सगळ्यात शेवटी, आणि तोही मेन ड्रेन थोडा उघडा ठेवून अगदी हळू. ड्रेन बंद करायचा आणि बॉल ड्रिपची (व्हॉल्व्हमागे झिरपलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या छोट्या ड्रेनची) दांडी बोटाने आत दाबून बघायची. पाणी आलं तर क्लॅपर नीट बसलेला नाही, बंद करा आणि परत पहिल्यापासून. कोरडं असेल तरच मेन पूर्ण उघडून साखळी-कुलूप. टेस्टसाठी पॅनलवर सोलेनॉइड आयसोलेट (तात्पुरता बंद) केला असेल तर तो परत नॉर्मलला आणायचा. हे शेवटचं लोक विसरतात, आणि मग सगळे गेज बरोबर दाखवतात, सगळं छान दिसतं, आणि खरी आग लागली तर व्हॉल्व्ह उघडतच नाही.

काकांनी हे आमच्या नाईट शिफ्टच्या गार्डना आणि टेक्निशियनला समोर उभं करून समजावलं. मेन व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून ट्रिप घेतली, लगेच बंद केला म्हणजे वरपर्यंत पाणी जात नाही, आणि मग प्रत्येकाच्या हाताने एकेक व्हॉल्व्ह फिरवून घेतला. एक गार्ड बिचकत होता तर त्याला म्हणाले, "दादा, आत्ता चूक झाली तर मी आहे ना, रात्री कोण असणार?" प्रत्येक व्हॉल्व्हला आकड्याचा पितळी बिल्ला लावला आणि भिंतीवर मराठीत चार्ट लावला, कुठला आकडा नेहमी उघडा, कुठला नेहमी बंद, ट्रिप झाल्यावर कुणाला फोन. गार्डच्या सुपरवायझरने दुसऱ्याच आठवड्यात मला येऊन सांगितलं की एका गेजचा काटा चार्टपेक्षा खाली आहे. याआधी तिकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं.

तो काटा हवेचा होता. आणि त्यातून आमची जुनी डोकेदुखी सुटली, गुरुवारची. आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते हे पुणेकरांना सांगायला नको. कॉम्प्रेसर साध्या सप्लायवर, लाईट गेली की हवा भरणं बंद, आणि कुठेतरी बारीक गळती असल्यामुळे दुपारपर्यंत लो एअरचा हूटर सुरू. आधीची एजन्सी येऊन हूटर सायलेंट करून जायची. आमची सिंगल इंटरलॉक आहे, नुसती हवा गेल्याने पाणी येत नाही, म्हणून कोणी मनावरच घेत नव्हतं. यांनी साबणाचं पाणी लावत लावत सगळे जॉइंट तपासले, फॉल्स सीलिंगच्या वर एका ड्रॉपच्या (हेडपर्यंत खाली येणाऱ्या पाईपाच्या) आट्यांमधून बुडबुडे निघत होते, तो परत बसवला, कॉम्प्रेसर डीजीच्या (जनरेटरच्या) लाईनवर घ्यायला लावला, आणि पावसाळ्यात हवेबरोबर ओल आत जाते म्हणून कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायची सवय गार्डना लावली. गुरुवारचा हूटर बंद झाला.

अजून एक गोष्ट टँकरचं पाणी घेणाऱ्यांसाठी. प्रायमिंगच्या लाईनवर एक छोटा स्ट्रेनर असतो, आमचा उघडला तर जाळी दिसतच नव्हती एवढा गाळ. तो तुंबला की रिसेटला चेंबर भरायला वेळ लागतो आणि माणसं दुसरीकडेच दोष शोधत बसतात. यांच्या चेकलिस्टमध्ये तो दर व्हिजिटला आहे.

जानेवारी आणि जुलैचा बी फॉर्म (फायर सिस्टीम चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट) यांच्याकडूनच मिळतो, लायसन्सवाली एजन्सी आहे, दोन्ही वेळा वेळेत दिला, आणि नुसता सही-शिक्का मारून नाही, टेस्ट घेऊन.

आता अर्धा मार्क. रिपोर्ट फार उशिरा येतो, काम एक नंबर आणि कागद मागे मागे, दरवेळी ऑफिसच्या मॅडमना फोन करायला लागतो. रविवारच्या व्हिजिटचे वेगळे पैसे लावतात, हे कोटेशनमध्ये कोपऱ्यात होतं, तोंडी सांगायला हवं होतं, कारण सर्व्हर रूममधली टेस्ट कुठलीही कंपनी रविवारीच घेणार. आणि काका नसतील तर येणारी मुलं चांगली आहेत, पण जरा घाईत असतात, त्यांना लो पॉइंट ड्रेनची आठवण करून द्यावी लागली. दर बाकीच्या दोन कोटेशनपेक्षा जास्त होता हेही सांगतो, पण आमच्या मॅनेजमेंटला मी ती काळ्या पाण्याची बादली दाखवली आणि विषय तिथेच संपला.

रात्रीचा फोन मात्र उचलतात. पावसाळ्यात एकदा मध्यरात्रीनंतर परत ट्रिप झाली, सीलिंगमध्ये पाणी झिरपून डिटेक्टर वाजला होता, गार्डने चार्ट बघून मेन बंद केला, फोन केला, आणि यांचा माणूस उजाडायच्या आत भोसरीहून खराडीला पोचून रिसेट करून गेला. सकाळी ऑफिस भरलं तेव्हा सिस्टीम नॉर्मल.

त्यांना फोन करणार असाल तर व्हॉल्व्हचा साईझ, सिंगल की डबल इंटरलॉक, आणि रिलीज इलेक्ट्रिक आहे की हवेवरचा, एवढं तयार ठेवा. माहीत नसेल तर व्हॉल्व्हच्या नेमप्लेटचा आणि पूर्ण ट्रिमचा (व्हॉल्व्हभोवतीचे छोटे पाईप, व्हॉल्व्ह आणि गेज) एक मोठा फोटो पाठवा, काका फोटो बघूनच स्पेअर बरोबर घेऊन येतात. आणि पहिल्या व्हिजिटला तुमचे नाईट शिफ्टचे गार्ड हजर ठेवा, दिवसाचे नकोत.