जिनिंगमधल्या रोबोगाडीला लायडार की रडार?

हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हंगामात रुईचे तंतू कसे उडतात, ते पाहणाऱ्यालाच कळतं. अशा आवारात गाठी वाहणारी रोबोगाडी चालवायची, तर तिला डोळे कोणते द्यावे?

लायडार लेझरनं पाहतो. भिंतीची कड अगदी नेमकी दाखवतो. पण दाट धूळ नि तंतूंचे पुंजके त्याला अडथळे वाटतात, आणि ऑफिसच्या काचेतून किरण बराचसा आरपार जातो.

रडार रेडिओलहरींनी पाहतो. ७७ गिगाहर्ट्झच्या रडारची लहर साधारण ४ मिलिमीटर लांबीची. धुळीला ती दाद देत नाही. कोनाचा अंदाज मात्र ढोबळ, आणि खरा त्रास टिनाच्या शेडचा. सपाट टिनावर तिरकी पडलेली लहर आरशासारखी पुढं निघून जाते. टिन दिसतच नाही, उलट हमाल टिनापलीकडे दुसऱ्यांदा दिसतो! गाडी त्या भासासाठी थांबते किंवा टिनावरच जाऊन आदळते.

पण हाच भास टिनाचा पत्ताही सांगतो. लहर जाता-येता दोन्ही वेळा टिनावरून वळली, तर टिनाच्या २ मीटर अलीकडचा हमाल २ मीटर पलीकडे उमटतो. दोघांना जोडणाऱ्या रेषेचा मध्यबिंदू टिनावरच पडतो. हमाल चालत राहिला की असे बिंदू ओळीनं पडतात, आणि नकाशावर टिनाची रेघ उमटते. मला हे फार देखणं वाटतं.

बंद, स्वच्छ गोदामात मी लायडारच घेईन. जिनिंगच्या आवारात मात्र आधी रडार, आणि रात्री आवारात कुणी चालत नसेल तेव्हासाठी दिवसा काढलेली टिनाची रेघ जपून ठेवायची.