विल्सनचा एनबीए बॉल: फायनल्सचा चेंडू विकत घेण्याआधी

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या फायनल्समध्ये वापरतात तो विल्सन कंपनीचा अस्सल चामड्याचा बॉल कुणालाही विकत घेता येतो. घ्यावा का? खेळायला लाकडी इनडोअर कोर्ट असेल तरच. सिमेंटवर किंवा डांबरावर चामड्याचे दाणे घासून गुळगुळीत होतात आणि गेलेली पकड काही केल्या परत येत नाही. बाहेर खेळणाऱ्यांनी सरळ रबराचा घ्यावा.

घेताना नाव नीट वाचा. विल्सनच्याच ‘ऑथेंटिक’ मालिकेतले बॉल दिसायला सारखे असले, तरी ते कंपोझिटचे, म्हणजे कृत्रिम चामड्याचे असतात. सामन्याचा बॉल म्हणजे ‘ऑफिशियल गेम बॉल’: आठ तुकड्यांचा, सात नंबरचा, घेर 29.5 इंच, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास.

नवा बॉल हातात घेतला की बहुतेकांची निराशा होते, कारण तो चक्क निसटतो. चामडं रापायला वेळ लागतो. रोजच्या ड्रिबलिंगने आणि हाताच्या घामाने रंग गडद होत जातो, पृष्ठभाग किंचित चिकट लागू लागतो आणि खरी पकड तेव्हा येते. पाण्यात बुडवणं, तेल चोळणं असले शॉर्टकट करू नका. शिवाय कोरा बॉल थेट सामन्यात काढू नका, आधी सरावात चांगला फिरू द्या.

हवेच्या बाबतीत एनबीएचा नियम 7.5 ते 8.5 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असा आहे. पंपाची सुई ओली करून सरळ आत घाला. कोरडी किंवा तिरकी घातली तर व्हॉल्व्ह फाटतो. प्रमाणाबाहेर हवा भरली तर आतला ब्लॅडर (रबरी फुगा) ताणला जातो आणि बॉल एका बाजूला फुगतो. असा बॉल टप्पा घेताना भलतीकडे उडतो, मग तो दुरुस्त होत नाही. दाब मोजायचा गेज नसेल तर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमपुस्तकातली जुनी चाचणी करा: बॉलची खालची बाजू 1.8 मीटरवर धरून सोडा, उसळल्यावर वरची बाजू 1.2 ते 1.4 मीटरच्या दरम्यान यायला हवी.

1983 पासून एनबीएत स्पॉल्डिंग कंपनीचा बॉल होता. 2006 मध्ये त्यांनी मायक्रोफायबरचा (कृत्रिम धाग्याचा) बॉल आणला, पण त्याने बोटं कापतात अशी खेळाडूंची तक्रार आली आणि 1 जानेवारी 2007 पासून पुन्हा चामडं आलं. 2021-22 च्या हंगामात विल्सन आला, तेव्हाही पॉल जॉर्ज या खेळाडूने स्पर्श वेगळा लागतो म्हणून कुरकुर केली. त्याच हंगामाच्या फायनल्समध्ये स्टीफन करी या खेळाडूने चौथ्या सामन्यात 43 गुण काढले, तर पाचव्यात तीन गुणांचे नऊ फटके मारून एकही घातला नाही. दोन्ही वेळा बॉल हाच होता! तेव्हा नेम हुकला की बॉलला किती बोल लावायचा, ते तुम्हीच ठरवा.

खेळून झालं की किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. तापलेल्या गाडीच्या डिकीत ठेवला, तर चामडं कोरडं पडून तुकड्यांच्या कडा सुटायला लागतात.