सिप्पारच्या मातीच्या पाट्या: सूची जागेनुसार की मजकुरानुसार?

बगदादच्या नैर्ऋत्येला सिप्पार या प्राचीन मेसोपोटेमियन शहरात सूर्यदेव शमाशचं एबब्बर मंदिर होतं. १८८१ च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ होर्मुझ्द रस्साम यांनी तिथून मजकूर उमटवलेल्या हजारो पाट्या काढून ब्रिटिश म्युझियमला पाठवल्या. कुठली पाटी कुठल्या खोलीत सापडली, याची नीट नोंद झाली नाही. म्युझियमने क्रमांक दिले ते नोंदणीच्या तारखेवरून: ८२-७-१४ म्हणजे १४ जुलै १८८२.

अशा साठ्यात मजकुरानुसार सूची हाच मार्ग उरतो. तिचा फायदाही मोठा आहे. बार्लीचे हिशेब, लोकरीचं वाटप, देवाच्या वस्त्रांच्या याद्या एकत्र आल्या की तीच नावं पुन्हापुन्हा दिसतात आणि तुटलेले तुकडे जुळतात. पण त्यासाठी क्युनिफॉर्म, म्हणजे पाट्यांवरची पाचरीच्या आकाराच्या खुणांची लिपी, वाचणारा माणूस हवा, आणि वाचन बदललं की वर्गही बदलतो.

१९८६ मध्ये बगदाद विद्यापीठाच्या पथकाला याच मंदिराच्या परिसरात ग्रंथालयाची खोली सापडली. भिंतींतल्या कोनाड्यांत पाट्या अजून जागच्या जागी होत्या! इथे कोनाड्याचा क्रमांक लिहिणं म्हणजे त्या काळच्या ग्रंथपालाची मांडणीच टिपून घेणं. कुठला ग्रंथ कुणाच्या शेजारी ठेवला होता, हे पाटीवरच्या अक्षरांतून कधीच कळलं नसतं.

माझं मत ठाम आहे: आधी जागा, मग मजकूर. वाचन पन्नास वर्षांनीही करता येतं. खोदून टाकलेली खोली पुन्हा मिळत नाही. हल्लीच्या डेटाबेसमध्ये एकाच पाटीला दोन्ही नोंदी सहज जोडता येतात, पण सापडलेल्या जागेचा रकाना उत्खननाच्या खड्ड्यातच भरावा लागतो.