मेटल डिटेक्टर: चौदा महिने, दोन यंत्रं, तीन तऱ्हेच्या जमिनी

डिटेक्टर कुठला घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, फिरवणार कुठे? नांगरलेल्या शेतात, समुद्राच्या ओल्या वाळूत, की जुनी वस्ती मोडून खिळे सांडलेल्या जागेत? जाहिराती सगळ्या खोलीबद्दल बोलतात. मी चौदा महिने, जवळजवळ दर शनिवार-रविवारी, इंग्लंडमधल्या नॉर्फकची शेतं आणि किनारे पालथे घातले आहेत. मला मिळालेली बहुतेक नाणी वीतभर मातीच्या आत होती. यंत्र निवडताना खोलीचा विचार मी आता सगळ्यात शेवटी करते.

पहिलं यंत्र स्वस्तातलं, एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला ठरावीक इतक्याच कंपनांवर, चालणारं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मी सांगतेय ते त्या प्रकारच्या सगळ्याच यंत्रांना लागू आहे. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात ते छान चाललं. बटणं, बकलं, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, जॉर्ज राजांच्या काळातली झिजलेली तांब्याची नाणी, सगळं त्यानेच दिलं. शिकायला एवढं पुरतं. मग ग्रेट यार्मथच्या किनाऱ्यावर एका मैत्रिणीची अंगठी हरवली आणि मी ते यंत्र घेऊन गेले. कोरड्या वाळूत शांत होतं. ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात पाय ठेवला आणि ते अखंड किंचाळायला लागलं. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक सिग्नल पकडायची ताकद, निम्म्यावर आणली तेव्हा गप्प झालं, पण मग वाळूवर ठेवलेलं नाणंही त्याला धड कळेना. अंगठी मिळाली नाही. मैत्रीण काही बोलली नाही, मला मात्र फार लागलं ते.

का होतं असं? कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची तारेची चकती, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्याने बारीक विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर कॉइलला ऐकू येतं. खारं पाणीही वीज वाहून नेतं, म्हणजे ओल्या वाळूचा अख्खा पट्टाच उत्तर देतो. एका फ्रिक्वेन्सीवर मीठ आणि सोनं वेगळं करणं अवघड. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र त्यांची उत्तरं एकमेकांशी ताडून मिठाचा आवाज वजा करतं. निव्वळ किनाऱ्यासाठी पल्स इंडक्शनची, म्हणजे थांबून थांबून विजेचे झटके सोडणारी, यंत्रंही असतात. मीठ आणि लोहाची काळी वाळू त्यांना फारशी अडवत नाही, पण लोखंड ओळखण्यात ती कच्ची. शेतात नेलीत तर दिवसभर खिळे खणाल.

सातव्या महिन्यात मी मायनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स ८०० हे अनेक फ्रिक्वेन्सीचं यंत्र जुनं, कोणीतरी आधी वापरलेलं, घेतलं. २०१८ सालचं मॉडेल, आता त्याच्यापुढची आली आहेत, पण माझं काम त्याने पूर्ण भागतं. वजन १.३४ किलो, ३ मीटरपर्यंत पाण्यात चालतं, सोबतची कॉइल ११ इंची डबल-डी. हिच्या खालचा शोधपट्टा सुरीच्या पात्यासारखा लांब आणि अरुंद असतो, म्हणून खिळ्याशेजारचं नाणं वेगळं ऐकू येण्याची शक्यता वाढते. पार्क, फील्ड, बीच आणि गोल्ड असे चार मोड आहेत. ओल्या वाळूत बीच मोड लावला आणि पहिल्यांदा शांतता ऐकली. तीन तास चालले, सिग्नल आले ते खरे आले.

खाली कुठला धातू असावा हे सुचवणाऱ्या पडद्यावरच्या आकड्यांवर मात्र आंधळा विश्वास नको. या यंत्रात उणे आकडे म्हणजे लोखंड आणि वर ४०पर्यंत मोजणी. शीतपेयाच्या डब्याची कडी माझ्याकडे १३च्या आसपास दाखवते, आणि सोन्याची बारीक अंगठीही तिथेच कुठेतरी. कड्यांचा कंटाळा येऊन तो पट्टा बंद केला की सोनंही बंद. मध्ययुगीन चांदीच्या पेनींचंही तेच. पातळ, जेमतेम दीड ग्रॅमची नाणी. त्या काळी सुट्ट्या पैशांसाठी पेनी कापून अर्धा किंवा पाव तुकडा चालवत. असा पाव तुकडा माझ्या नखाहून लहान आहे. जानेवारीतल्या एका सकाळी तो मिळाला, सिग्नल इतका पुसट की वाऱ्यात हेडफोन नसता तर चालून गेले असते. क्रूसाच्या दोन भुजा अजून स्पष्ट आहेत त्यावर. कोणी भाकरी विकत घेतली असेल का त्याने, कोण जाणे. मोठी चांदी आणि जाड तांबं कमी फ्रिक्वेन्सीला खोलवर सापडतं, असे पातळ तुकडे आणि सोन्याचे कण जास्त फ्रिक्वेन्सीला. निव्वळ कच्चं सोनं शोधणारी बरीच यंत्रं ४५ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४५ हजार कंपनं) किंवा त्याहूनही वर चालतात ती म्हणूनच.

पैसे कमी असतील तर यंत्र साधं घ्या, पण पिनपॉइंटर नक्की घ्या. गाजराएवढी कांडी, खड्ड्यात घालून नेमकी जागा दाखवते. माझा खणण्याचा वेळ तिने निम्म्यावर आणला आणि फावड्याने नाणं चिरण्याची भीती गेली. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट टाकलेलं शेत असेल तर कुठलंच यंत्र मदत करत नाही, अॅल्युमिनियमचे तुकडे सगळीकडे. अशा शेतातून मी अर्ध्या तासात परत फिरते.

यंत्राइतकंच महत्त्वाचं म्हणजे परवानगी. शेतकऱ्याची लेखी हवी, किनाऱ्यालाही मालक असतो, आणि संरक्षित स्मारकावर यंत्र चालवणं गुन्हा आहे. १९९६च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र मिळाली तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. माझा एकटा तुकडा त्यात बसत नाही, तरी जागेच्या नोंदीसह मी तो पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या, अधिकाऱ्याला दाखवला. शेजारच्या सफकमध्ये, हॉक्सनला, १९९२ साली एरिक लॉज शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि रोमन खजिना लागला, जवळपास पंधरा हजार नाणी. त्यांनी पुढे खणणं थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो पेटीत कसा रचला होता तेही कळलं. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

साताऱ्याहून भाच्याचा फोन आला होता, "आत्या, येताना एक मशीन आण ना, गडावर फिरवू." मी सरळ नाही म्हटलं. आपल्याकडे १८७८चा कायदा आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तरी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि संरक्षित गडावर तर खणायचंच नाही. गडावरच्या मातीतून एक नाणं उपटलं की ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हे कायमचं जातं, आणि आपल्या गडांचं आधीच पुष्कळ गेलंय. शिवाय सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा लोहाने भरलेले, तिथे साधं यंत्र नुसतं दगडांशीच बोलत बसेल. त्याला म्हटलं, इकडे ये, माझ्याबरोबर शेतात चल.

आता ६ इंची कॉइल घेतली आहे. ओढ्याकाठच्या एका तुकड्यात जुनं घर होतं, खिळ्यांमुळे मोठी कॉइल तिथे गोंधळते. शेतकरी म्हणाला, ऑगस्टमध्ये गहू निघाला की ये, धसकटं आठवडाभर तशीच ठेवतो.